पांढरं तीर्थ

"ह्यो माजा न्हवं," आत्ती म्हणाली.

लुडविकबाबांनी हातातली लाकडी पट्टी खाली ठेवली. तिसरं मुंडकं होतं ते. पहिल्याचं नाक बसकं म्हणून नापास झालं, दुसरं तलाठ्यासारखं दिसतंय म्हणून. आता हे तिसरं, ओल्या मातीचं, पाटावर ठेवलेलं. बाजारात म्हैस बघावी तशी आत्ती त्याच्याभोवती फिरून आली होती.

"काय चूक, आत्ती?" बाबांनी विचारलं. मी सासूला आत्ती म्हणायची, म्हणून त्यांनीही तेच धरलं होतं.

"मी ह्येची आत्ती कवापासनं झाली गं?" ती माझ्यावर खेकसली. मग त्यांच्याकडं वळली. "चूक एक असंल तर सांगू. माजा सिदू न हसता बी हसल्यागत दिसायचा. ह्ये बघा, पोटात कळ आल्यागत दिसतंय."

बाबांना निम्मं कळलं असेल. पण त्यांनी मान हलवली, माती कापायची तार घेतली, आणि ते मुंडकं वरपासून खालपर्यंत चिरून परत मातीच्या ढिगात टाकलं. आत्तीनं डोळे मिटून घेतले. आपला न्हवं म्हणाली होती, तरी.

१९४७ चा भादवा होता. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती. लढाईत रशियानं त्यांचा मुलूख घेतला, घरंच्या घरं उचलून बर्फात नेऊन टाकली, आणि त्यातून जी जगली वाचली ती देशोदेशी फिरत आमच्या पंचगंगेकाठी आली. बायका, पोरं, म्हातारी माणसं. तरणे बाप्ये फौजेत, नाहीतर मातीत. लुडविकबाबा साठीचे. तिकडं मोठे मूर्तिकार होते; चर्चमध्ये, श्रीमंतांच्या थडग्यांवर त्यांची कामं होती. बर्फात लाकडं तोडताना उजव्या हाताची दोन बोटं झडली, आणि बायकोही तिथंच गेली. उरलेल्या बोटांनी ते छावणीतल्या चर्चसाठी देवाची आई घडवत होते. मी त्यांच्या बराकीत म्हशीचं दूध घालायची. एक दिवस आत्ती बरोबर आली, त्या मूर्तीसमोर खिळून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्येला इचार हौसे. न बघितलेल्या मानसाचं तोंड करतोस का म्हनावं."

तिला तिच्या लेकाचं तोंड हवं होतं. सिदोजी, माझा नवरा. मराठा पलटणीत होता, चव्वेचाळीस साली इटलीत गेला. तार आली. मास्तरांनी ती वाचून दाखवली तेव्हा आत्ती म्हणाली, "तार म्हंजे कागूद. मला त्येचं तोंड दावा, मग मी रडीन." आणि खरंच, रडली नाही. दहावा नाही, तेरावा नाही. माझं कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. तीन वर्षं मी ना सवाष्ण, ना रांडमुंड. आमच्यात विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न. माझा भाऊ दोनदा न्यायला आला, एक स्थळही होतं त्याच्या नजरेत. आत्तीनं त्याला दोन्ही वेळा उंबऱ्यातून परत धाडला. "त्येचं तोंड बघंस्तवर सून हलायची न्हाई."

आणि तोंड बघणार कुठून? फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. रंगरूट झाला तेव्हा सिदू शहरात फोटोच्या दुकानाची पायरी चढला होता, तिथून तिनं त्याला दंडाला धरून खाली ओढला. फोटो नाही काढला. आयुष्य कमी व्हायचं ते झालंच.

म्हणजे आता सगळं त्या मातीवर होतं. आत्तीला आपला म्हणावासा चेहरा मिळाला की ती रडणार, आणि ती रडली की मी सुटणार.

"आता बायको सांगणार," बाबा म्हणाले. "आई बाहेर."

"ती काय सांगती? एकवीस दिस व्हता त्यो हिच्यासंगं."

"आई बाळ बघते. बायको माणूस बघते. बाहेर."

आत्ती तोंड वाकडं करून गेली आणि समोरच्या लिंबाखाली बसली, कान इकडं ठेवून. बाबांनी मातीचा नवा गोळा तारेच्या सांगाड्यावर थापला.

"बोल हौसा. भुवई कशी होता?"

"जाड."

"नाक?"

"सरळ."

"ओठ?"

"ओठ... ओठासारखं व्हतं."

बाबांचे हात थांबले. निळे डोळे होते त्यांचे, पाण्यासारखे. "तू खोटं बोलतो," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. खाली बघायची सवयच होती. आणि त्या सवयीनंच माझा घात केला होता. सोळाव्या वर्षी लग्न झालं. दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडं बघणारी सून म्हणजे छिनाल, हे शिकवूनच आईनं धाडलं होतं. घर एका खणाचं. रात्री आत्ती दिवा मालवून उंबऱ्याला आडवी झोपायची. त्याचा आवाज मला ठाऊक, अंगाचा वास ठाऊक, हात ठाऊक. पलटणीत जायच्या दिवशी मी ठरवलं होतं, आज बघायचंच, छिनाल तर छिनाल. पण अख्खं गाव निरोपाला लोटलेलं, चुलतसासऱ्यांची रांग उभी, पदर नाकाखाली ओढलेला. मान वर करेपर्यंत गाडी वेशीबाहेर गेली.

"मी बघितलंच न्हाई बाबा," मी म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "माज्या नवऱ्याचं तोंड मला म्हाईत न्हाई."

मला वाटलं हसतील, नाहीतर आत्तीला हाक मारतील. त्यांनी मातीचे हात फडक्याला पुसले.

"मग काय बघितलं?"

"पाय."

"पाय बोल."

मग मी पाय बोलले. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. उजव्या अंगठ्याचं नख काळं, म्हशीनं खूर दिलेला. डाव्या टाचेला एक भेग, तीत तो मेण भरायचा, आणि मेणावर माती चिकटून ती भेग आणखीच उठून दिसायची. जेवायला बसला की आमटी आवडली तर अंगठा हलवायचा, नाही आवडली तर पाय निवांत. पायावरून मी ओळखायची आज मीठ बरोबर पडलंय का. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. एकदा विचारलं तर थांबता येईना. बाबांनी माझ्याकडं पाठ केली होती. त्यांचे खांदे हलत होते, मातीवर हाताचा चप-चप आवाज येत होता. नाक-डोळ्यांबद्दल त्यांनी पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. मी जरा थांबले की तिकडं तोंड करूनच म्हणायचे, "बोल. बोल. थांबू नको."

सांगून संपलं तेव्हा त्यांनी मातीवर ओलं फडकं टाकलं. "परवा या," म्हणाले. माझ्याकडं वळले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. त्यांनी फडकं काढलं.

तरणा पोरगा. मान किंचित डावीकडं कललेली, कुणीतरी हाक मारल्यावर वळावी तशी. कपाळ रुंद, हनुवटीला खळी, आणि खालचा ओठ असा की आता बोलेल. देवाच्या आईच्या मूर्तीतही जीव नव्हता एवढा त्यात होता. हा सिदू आहे की नाही, मला काय कळणार? पण हे कुणाचं तरी खरं तोंड आहे, एवढं कळलं.

आत्ती या वेळी भोवती फिरली नाही. जागच्या जागी बसली. मग गुडघ्यांवर सरकत पुढं गेली आणि त्या ओल्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"सिद्या!" ती ओरडली. "आरं कुटं व्हतास रं माज्या सोन्या!" आणि माझ्याकडं वळून, "हौसे, ह्योच न्हवं का गं?"

"व्हय," मी म्हणाले. "ह्येच."

बाबा दाराशी उभे होते. ते पांढरे पडले. बाहेर गेले आणि भिंतीकडं तोंड करून उकिडवे बसले. "दमलं म्हातारं," आत्ती म्हणाली, "तीन बोटांनी करायचं म्हंजे काय."

माती टिकत नाही, म्हणून त्यांनी त्यावर साचा घेतला आणि छावणीच्या दवाखान्यातल्या, मोडलेल्या हातापायांना लावायच्या प्लास्टरचं मुंडकं ओतलं. साच्यातून काढताना माती मोडली, आणि साचा फोडल्याशिवाय मूर्ती सुटत नाही, तो फोडला. म्हणजे एकच. न्यायला गेलो तेव्हा आत्ती पुढं निघून गेली होती, घर सारवायला. बाबांनी ते मी नेलेल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मला बजावलं, "प्लास्टर जुना आहे. ओल लागलेला. पाणी नाही, हौसा. कधी नाही. तोंड जाणार." मी मान हलवली. पाटीत ठेवून, डोईवर घेऊन मी ते घरी आणलं.

मला वाटलं होतं, आता आत्ती हंबरडा फोडेल. चार बायका जमतील, माझ्या बांगड्या फुटतील, आणि चौदाव्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येईल. भावाला तसा निरोपही धाडला होता.

आत्ती रडली नाही. तिनं देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या टाकांशेजारी, जागा केली. टाक म्हणजे वारलेल्यांचे चांदीचे पत्रे, रोज देवांबरोबर पुजायचे. पण ती त्याला वारलेल्यासारखं वागवेना. "आला बाई एकदाचा," म्हणाली. सकाळी त्याला चहा. दुपारी ताट, आधी त्याला, मग आम्हाला. मला म्हणाली, "त्येच्यासमूर बसून कुंकू लाव. आता गं कसली लाज? बघ की तोंडाकडं." भाऊ आला, त्याला सांगितलं, "जावाई घरात हाय. नेतोस कशी?" भावानं देव्हाऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चपला घातल्या.

बावीस वर्षांची होते मी. एका चुन्याच्या मुंडक्याची बायको. ज्याचं तोंड बघायला मिळालं नाही, त्याच्या जागी हा कोण कुठला पोरगा मान कलती करून बसलेला. डोळे मिटून सिदूला आठवू म्हटलं तर आता हाच आडवा यायचा.

भाऊ गेला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्तीनं देवांच्या आंघोळीसाठी तांब्या भरला. बाळकृष्णाला आंघोळ, टाकांना आंघोळ, आणि मग तिनं दोन्ही हातांनी ते मुंडकं उचलून परातीत ठेवलं.

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते: आत्ती, पानी नगं, बाबांनी सांगितलंय. मी तोंड मिटलं.

"बघत काय ऱ्हायलीस? पानी घाल," ती म्हणाली. मी घातलं.

परातीत पाणी उतरलं ते दुधासारखं. आत्ती हरखली. "आगं बया, दूध सुटलं माज्या लेकराला!" तिनं ते ओंजळीत घेतलं आणि प्याली. तीर्थ म्हणून. मलाही दिलं. मीही प्याले. खडूसारखी चव होती.

दीड महिना. रोज सकाळी मी पाणी घालायची, ती हातानं चोळायची, आणि आम्ही दोघी ते पांढरं तीर्थ प्यायचो. आधी भुवयांची कड गेली. मग पापण्या. मग हनुवटीची खळी भरून निघाली, म्हणजे भोवतालचं झिजून सारखं झालं. मी रोज बघत होते. आत्तीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण मला नाही वाटत तिला दिसत नव्हतं. "उजळतोय," म्हणायची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिनं जाडंभरडं उटणं कुटलं, तेल लावलं आणि लेकाला रगडून न्हाऊ घातलं. नाक त्या दिवशी गेलं. कढत पाणी मीच ओतत होते.

त्याच दिवशी दुपारी लुडविकबाबा आमच्या गावात आले. छावणीपासून दीड कोस, उन्हातून, चालत. अंगात काळा कोट, हातात टोपी. आत्ती शेजारी फराळाचं द्यायला गेली होती. मी अंगणात भांडी घासत होते.

"आम्ही जाणार," ते म्हणाले. "चार दिवस. आगगाडी, मग जहाज. इंग्लंड."

"घरी न्हाई?"

"घर रशियात गेलं. घर जागेवर आहे, देश गेला." हसले जरा. मग हसू गेलं. "हौसा, मी मागायला आलो. ते डोकं. मला दे."

मी उभी राहिले. हातातली राख लुगड्याला लागली.

"मी आत्तीसाठी दुसरा करतो. तीन दिवस आहेत. तिला आवडेल तसा करतो. पण तो मला दे."

"का?"

टोपी त्यांच्या हातात गोल गोल फिरत होती. "तो युरेक आहे," ते म्हणाले. "माझा मुलगा. लढाईत रशियानं पकडला. पत्र यायचा. चाळीस सालात पत्र बंद. सगळ्यांचे बंद, त्याच्याबरोबरचे सगळे. मग आम्हाला उचललं, झडतीत फोटो घेतले. एक पण नाही उरला. मी सात वर्षं त्याला करून बघतो, हौसा. इराणात केला, इथं केला. येत नाही. मी मूर्तिकार, लोकांची शंभर तोंडं केली, माझा मुलगा येत नाही. तू पाय बोलत होती, मी ऐकत होतो, आणि हात... मी नाही केला. तो आला."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाई?"

"तुझी आत्ती ओरडली. सिदू. मी काय बोलू? आईला काय बोलू?" टोपी फिरायची थांबली. "मला वाटलं, एकदा आला, परत येईल. रोज केला. दीड महिना रोज. येत नाही. तुझ्याकडे आहे, तेवढाच आहे."

मला त्यांना तिथूनच परत लावता आलं असतं. आत्ती देत न्हाई म्हणाले असते तर ते गेले असते, आणि इंग्लंडात मरेपर्यंत त्यांना वाटत राहिलं असतं की कोल्हापूरच्या एका खेड्यात आपला पोरगा धडधाकट आहे. आज वाटतं, तेवढं खोटं तरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथं खोटं बोलले आणि जिथं हवं होतं तिथं तोंडातून एक शब्द निघाला नाही. मी नुसती बाजूला झाले. ते वाकून आत गेले.

देव्हाऱ्यात तो बसला होता. तेलानं पिवळा, कपाळाला कुंकवाचा मळवट, गळ्यात झेंडूची माळ. नाकाच्या जागी एक उंचवटा. डोळ्यांच्या जागी दोन उथळ वाट्या. ओठ नव्हतेच. नदीतला गोटा असतो तसा. मान मात्र अजून डावीकडं कललेली होती.

बाबा खाली बसले. त्यांनी उरलेली बोटं पुढं केली आणि त्या गोट्यावर कुठं काय होतं ते शोधू लागले. इथं भुवई. इथं नाक. बोटं बरोबर तिथंच जात होती आणि तिथं काही नव्हतं.

"अगं बया, बाबा आल्यात!" आत्ती दारातून आत आली, हातात रिकामं ताट. "बरं झालं, सणाचं आला. बघा, बघा, पयली आंगूळ घातली माज्या राजाला. कसा उजळलाय न्हवं?"

बाबांनी तिच्याकडं बघितलं. बघतच राहिले. मग म्हणाले, "होय. छान."

"तुमी केलासा म्हनून. न्हाईतर मी मेली असती वाट बघून. आता जाताजाता त्येच्या डोस्क्यावर हात ठेवा. मोठं हायसा तुमी. आशीर्वाद द्या."

त्यांनी दोन्ही हात ठेवले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आत्तीलासुद्धा काहीतरी उमगलं असावं, कारण एवढी बडबडी बाई, पण गप्प उभी राहिली. मग ते उठले, कोटाला तेल लागलं होतं ते पुसलं नाही, तिनं हातात दिलेल्या दोन करंज्या घेतल्या आणि बाहेर पडले. मागितलं नाही. एका शब्दानं मागितलं नाही.

मी त्यांच्यामागं वेशीपर्यंत गेले. डोईवर पदर नव्हता. लोक बघत होते.

"पाणी घातलं," ते न वळता म्हणाले.

"रोज."

"तू आत्तीला सांगितलं नाही?"

"न्हाई."

ते थांबले. वळले. "विसरली?"

मला सुटायची वाट देत होते. एवढं होऊनही. हो म्हणाले असते तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला असता माझ्या.

"न्हाई," मी म्हणाले. "ध्यानात व्हतं. त्यो जावा म्हनूनच घातलं."

बाबांचा हात वर झाला. मी गाल पुढं केला, खरं सांगते, पुढं केला. हात तसाच हवेत राहिला आणि मग ते बोलू लागले. त्यांच्या भाषेत. आधी हळू, मग मोठ्यानं, मग ओरडून. भर दुपारी, गावाच्या वेशीत, करंज्या मुठीत चुरून पीठ होऊन गळत होत्या आणि तो म्हातारा माझ्यासमोर उभा राहून ओरडत होता. एक शब्द मला कळत नव्हता. मी मान खाली घातली नाही. सबंध वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. तेवढंच देण्यासारखं होतं माझ्याकडं. पोरं जमली, पारावरची माणसं उठून आली, कुत्री भुंकायला लागली. मग त्यांचा आवाज बसला, त्यांनी टोपी घातली आणि ते छावणीच्या वाटेला लागले.

काय म्हणाले ते मला आजतागायत ठाऊक नाही. शिव्या होत्या असं मी धरून चालते. माफी असली तर ती मला नको आहे.

"काय म्हनत व्हता गं त्यो गोरा?" पारावरच्या तात्यांनी विचारलं.

"दिवाळीचं बरं चिंतून गेलं," मी म्हणाले.

घरी आत्तीनं ताटं वाढली होती. एक देव्हाऱ्यापुढं, दोन आमची.

"बस," ती म्हणाली. "त्यो कवापासनं खोळंबलाय."

मी बसले. जेवले.